रंगाचा फवारा आणि नाकावरचा मास्क

फाल्गुन संपत आला की आपल्या अकोट परिसरात दोन कामे हमखास निघतात. एक, माळ्यावरचा कूलर खाली उतरवणे आणि दुसरे, लग्नसराईच्या आधी गेट, खिडक्यांच्या ग्रिल, जुने लोखंडी कपाट असे काहीबाही रंगवून घेणे. पूर्वी यासाठी पेंटर यायचा, ब्रश आणि डबा घेऊन दिवसभर बसायचा. आता छोटा कॉम्प्रेसर भाड्याने मिळतो आणि विजेवर चालणारी स्प्रे गन तर कुरिअरने घरपोच येते. त्यामुळे आठ दिवसांचे काम एका दुपारी उरकते आणि घरातलाच कोणीतरी हुशार मुलगा ते अंगावर घेतो.

असाच एक सव्वीस वर्षांचा तरुण मागे माझ्या दवाखान्यात आला. आला म्हणण्यापेक्षा भावाने धरून आणला. डोके ठणकत होते, मळमळ होती, पाय लटपटत होते. भाऊ म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हा दारूले शिवत नाही जी, पण पिल्यावानी झोके खाऊन राह्यला." बंद व्हरांड्यात दोन तास कपाटाला फवाऱ्याने रंग मारत होता. दाराला पडदा लावला होता, कारण बाहेरची धूळ ओल्या रंगावर बसते. मी बोटाला मशीन लावून पाहिले तर ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव टक्के. नाडी जरा वाढलेली, छाती स्वच्छ. त्याला मोकळ्या हवेत बसवले, रंगाने भरलेले कपडे काढायला लावले, हातपाय साबणाने धुवायला सांगितले. संध्याकाळपर्यंत तो ठीक झाला आणि मग त्याने मला जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा लेख. "मास्क त लावला होता ना मी, कोरोनातला. मंग हे कसं काय झालं?"

त्याने खिशातून तो मास्क काढून दाखवला. एन-९५ होता आणि चांगल्या प्रतीचा होता. बाहेरच्या बाजूला कपाटाचा हिरवा रंग जाड बसलेला, आतून मात्र बराचसा पांढराच. म्हणजे मास्कने आपले काम केले होते. जे त्याचे कामच नव्हते, तेवढे राहून गेले होते.

फवाऱ्यातून नाकाकडे दोन निरनिराळ्या गोष्टी येतात, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. पहिली म्हणजे रंगाचे बारीक तुषार. त्यात रंगद्रव्य असते आणि रंगाला घट्ट धरून ठेवणारा राळेसारखा भाग असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. फवाऱ्यातले मोठे थेंब नाकात आणि घशात अडतात, पण पाच मायक्रॉनपेक्षा लहान असलेले फुप्फुसाच्या थेट तळापर्यंत जाऊ शकतात. दुसरी गोष्ट म्हणजे वाफ. रंग पातळ करण्यासाठी टर्पेंटाइन किंवा थिनर घालतात. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन, झायलीन, अ‍ॅसिटोन, ब्युटिल अ‍ॅसिटेट अशी द्रव्ये कमीअधिक प्रमाणात असतात. ती हवेत उडून जावीत आणि रंग वाळावा, हाच त्यांचा उपयोग. उडून ती जातात कुठे? बंद व्हरांड्यात असाल तर तुमच्या छातीत, तिथून रक्तात आणि रक्तातून मेंदूत. टोल्युइन मेंदूवर जवळजवळ दारूसारखेच काम करते. म्हणून तो मुलगा झोके खात होता. ऑक्सिजनचे मशीन यात काहीच दाखवत नाही, कारण ऑक्सिजन कमी झालेलाच नसतो. "मशीनवर अठ्ठ्याण्णव दाखवते" म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

एन-९५ हा मास्क कणांसाठी आहे. अडवायला सर्वांत अवघड अशा, ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांपैकी किमान ९५ टक्के तो अडवतो, म्हणून ९५. त्यातल्या 'एन' या अक्षराकडे मात्र कोणी पाहत नाही. ही अमेरिकेतील पद्धत आहे आणि तिथे एन म्हणजे तेलकट तुषारांपुढे न टिकणारा. तेलाला टिकणाऱ्या फिल्टरवर 'पी' असे अक्षर असते. आपल्याकडे भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार एफएफपी-१, २ आणि ३ असे प्रकार येतात. ते अनुक्रमे किमान ८०, ९४ आणि ९९ टक्के कण अडवतात. पण यांपैकी कोणताही मास्क असो, वाफेचा रेणू त्यातून सरळ आत जातो. चाळणीने गहू चाळता येतो, गव्हाचा वास चाळता येत नाही. मग रुमाल, गमछा आणि दुपट्टा यांच्याबद्दल काय लिहावे? ओला रुमाल बांधला की रंगाचा त्रास होत नाही असे आपल्याकडचे जुने पेंटर सांगतात. मोठे थेंब त्याने अडतात, एवढेच. थिनरची वाफ पाण्यात फारशी विरघळत नाही, तेव्हा रुमाल ओला असो की कोरडा, फरक पडत नाही.

वाफ अडवायची तर कोळसा लागतो. चुलीतला नव्हे, खास प्रक्रिया केलेला. त्याला सक्रिय कोळसा म्हणतात आणि नारळाच्या करवंटीपासूनही तो करतात. त्याच्या अंगात इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग पसरला तर पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त भरावा. म्हणजे चिमूटभर कोळशात दोनतीन मोठे प्लॉट! वाफेचे रेणू या छिद्रांत चिकटून बसतात. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्यानंतर सगळ्या देशांत वायुरोधक मुखवट्यांचा शोध सुरू झाला आणि रशियाच्या निकोलाय झेलिन्स्की या रसायनशास्त्रज्ञाने त्याच वर्षी कोळशाचा मुखवटा सुचवला. आज रंगकामासाठी जो मास्क मिळतो, तो त्याच कुळातला.

हा मास्क रबराचा किंवा सिलिकॉनचा असतो, नाक आणि तोंड झाकतो आणि त्याच्या दोन्ही गालांना डब्या असतात. डबीला कार्ट्रिज म्हणतात. दुकानदाराला 'पेंटचा मास्क द्या' एवढेच सांगू नका. डबीचा रंग पाहा. सेंद्रिय वाफेसाठीची डबी युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्ट्याची असते आणि तिच्यावर ए-१ किंवा ए-२ असे लिहिलेले असते. अमेरिकी पद्धतीत तिचा पट्टा काळा असतो. हिरवा पट्टा अमोनियासाठी आहे, तो रंगकामाला निरुपयोगी. आणि नुसती कोळशाची डबी घेऊन भागत नाही. कोळसा वाफ धरतो, पण तुषारांनी त्याची छिद्रे बुजतात. म्हणून डबीच्या पुढे कण अडवणारा पातळ फिल्टर लागतो. काही डब्यांत तो जोडूनच येतो, त्यावर ए-२ पी-२ किंवा ए-२ पी-३ असे लिहितात आणि तपकिरी पट्ट्यासोबत पांढरा पट्टा असतो. काही मास्कना तो वेगळा लावावा लागतो आणि रंगाने भरला की बदलावा लागतो. बाजारात राखाडी रंगाचे, कोळशाचा पातळ थर असलेले कापडी मास्कही मिळतात. त्यांनी वास थोडा कमी लागतो. वास कमी लागतो म्हणून माणूस जास्त वेळ काम करतो, असा त्यांचा उलटा परिणाम मी पाहिला आहे. फवाऱ्याच्या कामाला ते घेऊ नयेत.

अकोटला हा मास्क सहज मिळेलच असे नाही. अकोला किंवा अमरावतीला कारखान्यांना सुरक्षेचे सामान पुरवणाऱ्या दुकानांत मिळतो. एन-९५ पेक्षा तो बराच महाग आहे, हे खरे. पण स्प्रे गन घेताना आपण घासाघीस करत नाही आणि मास्क घेताना मात्र करतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

कोळशाची डबी कायम टिकत नाही, हेही समजून घ्यावे. छिद्रे भरली की वाफ सरळ आत येऊ लागते. पाकीट फोडले की डबी काम नसतानाही हवेतली वाफ आणि ओल ओढत राहते. म्हणून काम झाले की डबी घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा जाड पिशवीत बंद करून ठेवावी, फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आणि पाकिटावरची मुदत खरेदी करतानाच पाहावी. मास्कच्या आत थिनरचा वास किंवा चव जाणवली की काम तिथेच थांबवून बाहेर यावे. आपल्याकडच्या उन्हात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना, थिनर झपाट्याने उडतो आणि डबीही लवकर संपते. त्यामुळे रंगकाम सकाळी करावे. आणखी एक बारकावा. साधी तपकिरी डबी ६५ अंशांपेक्षा जास्त तापमानाला उकळणाऱ्या द्रव्यांसाठी असते. टोल्युइन १११ अंशांना उकळते, ते ती चांगले धरते. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळते, ते लवकर निसटते. जुना रंग काढण्याच्या काही रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. ते ४० अंशांना उकळते आणि शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. हा कोळशाच्या शेगडीचा विषारी वायू. बोटाचे साधे मशीन तोही ओळखू शकत नाही. असे रिमूव्हर बंद खोलीत, मास्क असो वा नसो, वापरूच नये.

आता मास्क चेहऱ्यावर बसतो कसा, ते. सर्वांत महाग मास्कही कडेने हवा ओढत असेल तर तो गळ्यातल्या ताइताइतकाच उपयोगी. मास्क घाला, पट्टे ओढा, दोन्ही तळव्यांनी डब्या झाका आणि श्वास आत घ्या. मास्क गालांवर ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. मग समोरची, श्वास बाहेर सोडणारी झडप झाकून हळूच फुंका. मास्क थोडा फुगावा, पण कडेने हवा निसटू नये. नाकाशी गार झुळूक लागली तर पट्टे पुन्हा बसवा. दाढी असेल तर हे जमत नाही. दोन दिवसांचे खुंटही पुरेसे असतात. मिशी मास्कच्या आत मावत असेल तर चालते.

पण सर्वच रंगांना हा मास्क पुरतो असे नाही आणि इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी गाड्यांच्या रंगाचे काम करणारा एक तरुण माझ्याकडे खोकल्यासाठी यायचा. रात्री खोकला, छातीत शिटी, पहाटे दम. मी ब्राँकायटिस समजून औषधे देत राहिलो. चारपाच महिने गेले. एकदा त्याची आई बोलता बोलता म्हणाली की सासरवाडीला आठ दिवस राहून आला, तेव्हा एकदाही खोकला नाही आणि कामावर गेला की दुसऱ्या दिवसापासून सुरू. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्याला तो कोणता रंग मारतो हे कधी विचारलेच नव्हते. तो दोन डब्यांचा रंग होता, एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. याला पीयू रंग म्हणतात. चमक उत्तम येते, म्हणून हल्ली दारांना आणि फर्निचरलाही मारतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गाचे रसायन असते. या रसायनाची शरीराला काही आठवड्यांत किंवा काही वर्षांत अ‍ॅलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की मग अगदी किंचित मात्रेनेही दमा उसळतो. त्या तरुणाला अकोल्याला पाठवून फुप्फुसाची तपासणी करून घेतली आणि निदान पक्के झाले. त्याने ते काम सोडले. खोकला कमी झाला, पण पंप अजून सुटलेला नाही. चार महिने आधी विचारले असते तर कदाचित सुटला असता.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट. रंगाच्या हार्डनरमधले रसायन ते नव्हे आणि तितके उडणारेही नाही, पण कुळ एकच. त्याचा त्रासदायक अंश हवेत असतानाही नाकाला वास येत नाही. त्यामुळे 'वास आला की डबी बदलू' हा नियम इथे चालत नाही. कारखान्यात असे काम नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणाऱ्या मुखवट्यातून करतात. घरी ते शक्य नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की हार्डनर घालावा लागणारा रंग घरी फवाऱ्याने मारूच नये. तसे काम करायचेच असेल तर ज्यांच्याकडे योग्य सोय आहे त्यांच्याकडे वस्तू पाठवावी. रंगाच्या डब्यासोबत दुसरी लहान बाटली आली की समजावे.

फवारणी म्हटले की आपल्या भागात आधी शेतच आठवते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्यानंतर मास्कचे वाटप झाले आणि पुष्कळांना वाटू लागले की तोंडाला काही बांधले की झाले. तिथेही हाच घोटाळा होतो. कीटकनाशक नाकातून जाते तसे ओल्या पाठीतून आणि उघड्या पिंढऱ्यांतूनही आत शिरते. रंगाच्या थिनरचेही थोडेफार तसेच. कामानंतर हाताला लागलेला रंग थिनरने पुसणारे लोक घरोघरी दिसतात. हातमोजे घालावेत आणि नाहीच घातले तर खोबरेल तेल लावून मग साबणाने धुवावे.

घरातल्या इतर माणसांचा विचार तर होतच नाही. एका घरी मुलगा मागच्या अंगणात, मोकळ्या हवेत, म्हणजे योग्य ठिकाणीच गेट रंगवत होता. पण खिडकीला लावलेला कूलर चालू होता आणि त्याची पाठ त्याच अंगणाकडे होती. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो. आत त्याची दम्याची आई निजलेली. तासाभरात तिला रिक्षात घालून आणावे लागले. तेव्हा अंगणात फवारा चालू असेल तर कूलर बंद ठेवा आणि त्या बाजूच्या खिडक्याही. दम्याचे रुग्ण, गरोदर बाई, लहान मुले यांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवता आले तर उत्तम. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. देवघरातला दिवा, गॅसची शेगडी, कोणाची विडी यांतले काहीही तिला पेटवू शकते. पाण्याच्या टाकीत उतरून फवारा मारायचे काम तर कोणीच करू नये. तिथे हवाच अपुरी असते आणि कोळशाची डबी ऑक्सिजन तयार करत नाही.

जुना रंग घासतानाची धूळ हा वेगळा विषय, पण दोन ओळी लिहितो. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत असावे, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या गेटवर आणि खिडक्यांवर, विशेषतः पिवळ्या आणि नारिंगी रंगात, शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावा. इथे मात्र तो कोरोनातला एन-९५ अगदी योग्य आहे.

त्रास झालाच तर माणसाला मोकळ्या हवेत आणावे, कपडे सैल करावेत, रंगाने भरलेले कपडे काढावेत. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते आणि दूध पिले की रंगाचे विष मरते, हे दोन्ही समज खोटे आहेत. गूळ पोटात जातो, छातीत जात नाही. मळमळत असताना जबरदस्तीने दूध पाजले तर उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. दम लागणे, छातीत शिटी, शुद्ध हरपणे यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करावा. काही वेळा छातीचा त्रास काही तासांनी, रात्री सुरू होतो, तेव्हा 'दुपारी तर बरा होता' असे म्हणून थांबू नये. पाण्याच्या बाटलीत ठेवलेला थिनर एखाद्या मुलाने पिला, तर त्याला उलटी करवू नका. पोटापेक्षा छातीत गेलेला थिनर जास्त घातक असतो. तसेच उचलून दवाखान्यात न्यावे. आणि दोन दिवसांनी डॉक्टरकडे गेलात तरी आपण कोणता रंग, कोणता थिनर वापरला ते सांगा. डबा सोबत आणला तर आणखी चांगले. डॉक्टर विचारतीलच असे नाही, हे मी वर कबूल केलेच आहे.

तो कपाटवाला तरुण पंधरा दिवसांनी पुन्हा आला. अकोल्याहून दोन डब्यांचा मास्क आणला होता, तपकिरी-पांढरा पट्टा नीट पाहून. मला दाखवायला तिथेच चेहऱ्यावर चढवला. मी त्याला डब्या झाकून श्वास घ्यायला लावला. मास्क काही गालाला चिकटेना, कारण हनुवटीखाली चांगली बोटभर दाढी. त्याने मास्क काढून दाढीवरून हात फिरवला आणि विचारले, "मंग काढा लागते का जी?" मी मान डोलावली. "उद्या कूलर रंगवाचा हाय," तो म्हणाला, "आज संध्याकाळीच जातो दुकानात."